गिरणी पाण्यापल्याड

महाबळेश्वरहून तापोळ्याला उतरणारा रस्ता जेमतेम पंचवीस-सत्तावीस किलोमीटरचा. पर्यटक दुपारचं जेवण उरकून ‘बोटिंगला’ म्हणून खाली जातात आणि सूर्यास्ताच्या आत पॉइंटवर परत असतात. त्यांचा रस्ता तापोळ्याला संपतो. माझ्या मावशीच्या गावचा मात्र तिथे संपत नाही, मध्ये पाणी लागतं एवढंच. तेवढा तुकडा तराफ्याने करायचा आणि पल्याड पुन्हा चाकं जमिनीवर टेकवायची. मे महिन्यात त्या वाटेने आम्ही पिठाची गिरणी नेली. घरघंटी नव्हे. दहा एचपीची मोटार, दोन जड दगड, वरून धान्य ओतायचा सुपा आणि माणूसभर उंचीचा लोखंडी सांगाडा.

मावशीचं गाव कांदाटी खोऱ्यात आहे. कोयना महाबळेश्वरात उगम पावते, दक्षिणेकडे वाहत जाते आणि हेळवाकला पूर्वेकडे वळून कऱ्हाडला कृष्णेला मिळते. धरणाची भिंत पाटण तालुक्यात, पण फुगवटा थेट तापोळ्यापर्यंत. त्यालाच शिवसागर म्हणतात. साठच्या दशकात पाणी चढत गेलं तशी नदीकाठची भाताची खाचरं आधी बुडाली, मग घरं. किती तरी कुटुंबं ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशी पांगली. जी हलली नाहीत ती डोंगराच्या अंगावर वर सरकली आणि वरकस जमिनीत नाचणी-वरी काढत राहिली. मावशीचं सासर त्यातलं. गावाच्या मागे सह्याद्रीची कडेलोट धार आणि तिच्याखाली कोकण. त्या बाजूने रघुवीर घाटातून खेडला उतरता येतं, पण पावसाळ्यात तिथे दरडी येतात. आणि खेड पडलं रत्नागिरी जिल्ह्यात. तहसील, सातबारा, दाखले, सगळं महाबळेश्वरला, म्हणजे पाण्याच्या अल्याड.

दळणही अल्याडच होतं. बाया रेशनचा गहू आणि घरची नाचणी पिशव्यांत भरून लाँचने तापोळ्याला यायच्या, गिरणीत नंबर लावायच्या, लाइट गेली तर ती येईपर्यंत बसून राहायच्या आणि परतीची लाँच धरायच्या. अर्ध्या पायली पिठासाठी अख्खा दिवस. शेवटी बचत गटाने ठरवलं, गिरणी गावात आणायची. निम्मे पैसे गटाचे आणि निम्मे मुंबईच्या मंडळाचे. या खोऱ्यातले बाप्ये पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी, त्यामुळे गावात काहीही उभं राहायचं तर मंडळाची सही लागते. मंडळाची एकच अट होती, सुप्यावर मंडळाचं नाव ठळक अक्षरात रंगवायचं. मावशी म्हणाली, “लिहा की. पिठाला काय वास येतोय का नावाचा?”

मी साताऱ्यात राहते, म्हणून खरेदी आणि वाहतूक माझ्या गळ्यात पडली. खरेदीचं काही विशेष नाही, चार दुकानं फिरले आणि घासाघीस केली. खरा प्रश्न नेण्याचा होता. आधी एका लाँचवाल्याला विचारलं. तो म्हणाला, “दगड नेतो, मोटार नेतो. सांगाडा न्हाई. वारं सुटलं तर त्यो लाँच घेऊन खाली जाईल.” त्याचं बरोबरच होतं. मग छोटा हत्ती ठरवला आणि तराफ्यावरच्या आबांना फोन लावला.

आबांनी ना वजन विचारलं, ना गाडीचा नंबर. पहिला प्रश्न, “कदी येताय? पाणी लई उतारलंय.”

बाहेरच्या माणसाला कोयना दोन गोष्टींसाठी माहीत असते, वीज आणि ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप. काठावरच्या माणसाच्या डोक्यात मात्र सतत पातळी असते. धरण १०५ टीएमसीचं, म्हणजे १०५ अब्ज घनफूट पाण्याचं. भरलं की पाणी समुद्रसपाटीपासून २१६३ फुटांवर येतं. ऑक्टोबरात तापोळ्याला पाणी असं काठोकाठ असतं, गाडी डांबरावरून सरळ तराफ्यावर जाते. मग वर्षभर पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला पोफळीकडे वीज करायला जातं. वीजनिर्मितीच्या वाट्याचं पाणी ६७.५ टीएमसी, आणि त्याचा हिशेब १ जून ते ३१ मे असा चालतो. धरणाच्या भाषेत हे तांत्रिक वर्ष. शिवाय पूर्वेला सिंचनासाठी सोडतात ते वेगळंच. म्हणजे आम्ही निघालो तेव्हा वर्षअखेर होती, खातं जवळपास रिकामं. डांबर वर राहिलेलं आणि पाणी कुठल्या कुठे खाली. मावशी हे सोप्यात सांगते, “तुमच्याकडं पंखं फिरत्यात, हिकडं आमचा धक्का खाली जातोय.”

पहाटे साताऱ्याहून निघालो. मेढा सोडलं, केळघरचा घाट चढलो आणि सीझनच्या गर्दीतून वाट काढत महाबळेश्वर ओलांडलं. टेम्पोवाला दादा साताऱ्याचाच, बोलका. कास-बामणोलीला त्याच्या पुष्कळ खेपा झालेल्या, तापोळ्याकडे मात्र तो पहिल्यांदाच भरलेली गाडी आणत होता. बामणोलीहूनही लाँच सुटतात, वासोट्याला जाणारे ट्रेकर तिथूनच पाण्यात शिरतात. पण आमचं गाव उत्तरेच्या अंगाला, त्यामुळे तापोळाच सोयीचं.

हा रस्ता नकाशात सरळसाधा दिसतो. महाबळेश्वरची उंची साधारण १३७२ मीटर, भरलेल्या जलाशयाची ६५९ आणि मेमधल्या पाण्याची त्याहूनही कमी. तेवढ्या लहानशा रस्त्यात सातशे मीटरहून जास्त उतरायचं. वरच्या टप्प्यात स्ट्रॉबेरीचे वाफे, पण हंगाम संपलेला, बांधावर काळ्या प्लास्टिकचे गुंडाळे पडलेले. पोरं पळसाच्या पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन उभी. मग झाडी दाट होते, वळणं आवळत जातात आणि समोरून एसटी आली की दोघांपैकी एकाला मागे सरकावं लागतं. अर्थात ते एक म्हणजे नेहमी आपणच.

अर्ध्याच्या पुढे ब्रेकचा वास यायला लागला. दादाने गाडी कडेला घेतली, चाकाजवळ हात नेऊन धग पाहिली आणि काही न बोलता बिडी पेटवली. मी पाण्याची बाटली पुढे केली तर म्हणाला, “नको ताई, तापलेल्या ड्रमावर पाणी घातलं की तडकतोय. आपोआप गार हुंदे.” तेवढ्या वेळात मी मागे चढून दोर तपासले. सांगाडा जागेवर होता. दोन्ही दगड कडेवर उभे करून फाळक्याला टेकवलेले, मध्ये गोणपाट. दुकानदारानेच तसे ठेवले होते, जागा कमी लागते म्हणून. तिथून खाली तापोळ्यापर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर दादा गेलाच नाही. मागच्या गाड्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव काढला.

शिवसागर पहिल्यांदा दिसतो त्या वळणावर मक्याच्या कणसांचे गाडे आणि सेल्फी काढणाऱ्यांची झुंबड असते. ‘मिनी काश्मीर’ अशी पाटीही आहे. काश्मीर कशाला मध्ये आणायचं, हे मला आजवर कळलेलं नाही. ऑक्टोबरात तिथून हिरव्या डोंगरात शिरलेले निळे फाटे दिसतात. मेमध्ये जंगल आणि पाणी यांच्यामध्ये उघड्या मातीचा रुंद पट्टा असतो आणि त्याच्यावर उतरत्या पाण्याच्या आडव्या रेघा. पाणी जिथे जिथे थोडं थांबून पुढे उतरलं, तिथली एकेक रेघ. पर्यटकांना तो पट्टा फोटोत नको असतो. आम्हाला उतरायचं होतं त्याच पट्ट्यावरून.

तापोळ्यात बोट क्लबची गर्दी मागे टाकून तराफ्याच्या वाटेला लागलो. डांबर संपलं. पुढे जेसीबीने कापलेला कच्चा उतार, वर मुरूम टाकलेला, आणि अगदी पाण्यालगत काळा चिखल. पाणी खाली जाईल तसा हा उतार लांबवत न्यावा लागतो, त्यामुळे शेवटचा तुकडा नेहमीच नवा आणि कच्चा. आमच्या पुढे लग्नाच्या सामानाची एक जीप, चार-पाच मोटारसायकली आणि दोन शेळ्या घेऊन एक आजी. रांगेचा नियम कुणी लिहिलेला नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. पेशंट आला तर तो पहिला, मग कुणाला काय घाई आहे ते तोंडाने सांगायचं आणि बाकीच्यांनी मान डोलवायची. लग्नवाल्यांनी मुहूर्त सांगितला. आम्ही थांबलो.

तराफा म्हणजे लोखंडी सपाट डेक, दोन्ही कडांना कठडा, एका अंगाला इंजिनाची केबिन आणि पुढे तारेवर वर-खाली होणारी फळी. जीपवाल्यांना पोचवून तो परत आला. आबा खाली उतरले आणि आमच्या टेम्पोभोवती एक फेरी मारून मागे थांबले.

“ह्ये दगूड उभं कुणी ठिवलं?”

“दुकानदाराने,” मी म्हटलं.

“दुकानदार येतोय का पाण्यात?”

मग तराफ्यावरचा पोरगा, दादा आणि रांगेतले दोन बाप्ये असे चौघे मागे चढले. दोर सोडले, पहारीने दगड एकेक करत सरकवले आणि गोणपाटावर आडवे पाडले, एक पुढच्या बाजूला, एक मागच्या चाकांवर. सांगाडा तिरपा होता तो पूर्ण झोपवला. आबा सांगत होते, रस्त्यावर हिसका बसतो तो पुढे-मागे, पाण्यावर डोलतं ते आजूबाजूला. उभा दगड तिथे कलंडतो आणि एकदा वजन एका बाजूला गेलं की तराफाही त्या बाजूला बसतो. पुन्हा दोर आवळले. शेवटची गाठ आबांनी स्वतः मारली.

उतरताना तोंड पुढे हवं, म्हणून गाडी उलटी चढवायची. दादा घाट उतरताना घाबरला नव्हता, इथे त्याला घाम फुटला. कच्चा उतार तीव्र आणि फळी जवळजवळ सपाट. त्या सांध्यावर टेम्पोचा मागचा बंपर चिखलात रुतला आणि चाकं जागेवर फिरायला लागली. आबांनी हात वर केला. पोरगा केबिनमागून जाड फळ्या घेऊन आला. गाडी थोडी पुढे घेतली आणि सांध्याच्या खड्ड्यात मुरुमाने भरलेली पोती टाकली. त्यांच्यावर फळ्या अशा ठेवल्या की चाक आधी त्यांच्यावर चढेल आणि शेपूट उचलली जाईल. “हळू... हळू... डावीकडं काप... बास, सरळ ठिव.” टेम्पो करकरत डेकवर आला. आबांनी त्याला बरोबर मध्ये आणला, हँडब्रेक ओढायला लावला, गाडी गिअरमध्ये टाकायला लावली आणि पोराने चारही चाकांना लाकडी उटी ठोकल्या. मोटारसायकली दोन्ही कडांना वाटल्या. शेळ्या केबिनमागे.

“गाडीत कुणी बसायचं न्हाई,” आबा म्हणाले. दादाला ते पटेना, गाडी सोडून तो कधी लांब जात नाही. पण इथे हुकूम आबांचा. सगळ्यांच्या अंगात जॅकेट चढवली, आजीच्याही. आजी म्हणाली, “शेळ्यांना न्हाई व्हय?”

फळी उचलली गेली, इंजिनाने काळा धूर सोडला आणि तराफा मागे सरकला. पंधरा-वीस मिनिटांचा प्रवास. पण रांग, दगड आणि पोती यात दुपार झाली होती आणि दुपारी पश्चिमेकडून वारं सुटतं. मधल्या पट्ट्यात लाटा लहानच होत्या, तरी सपाट तळावर त्या थाड थाड आपटत. आबा समोरच्या धक्क्याकडे जाण्याऐवजी चांगलेच उजवीकडे चालले होते. मी विचारलं तर म्हणाले, “वारं हाणतंय डावीकडं. आधी वर जायाचं, मग त्येच आपल्याला सोडतंय जाग्यावर.” मध्येच एका ठिकाणी त्यांनी मोठा वळसा घेतला. पाणी कमी झालं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. काही दिसतात, काही वीतभर खाली असतात. ते कुठे कुठे आहेत हे आबांना तोंडपाठ.

माझ्या शेजारी कठड्याला धरून उभ्या असलेल्या एका बाप्याने पाण्यातली एक जागा दाखवली. “तितं आमची खाचरं हुती म्हणं. मी न्हाई बघितली. वडील दावायचं.” तो वाशीच्या मार्केटात माथाडी, लग्नासाठी रजा काढून आलेला. मग त्याने विषय बदलला आणि गिरणीला थ्री फेज आहे का, पट्टा कुठल्या कंपनीचा, दळणाचा दर काय ठेवणार, असलं सगळं विचारत राहिला.

वाटेत पुलाचा विषय निघालाच. या जलाशयावर पुलांची कामं सुरू आहेत, तापोळ्याच्या आसपास खांब उभे राहताना दिसतात. तराफ्यावर चार माणसं जमली की ‘पूल झाला की’ हे शब्द एकदा तरी येतातच. पुण्या-मुंबईची पाहुणे मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा हमखास म्हणतात, पूल नको बाई, या तराफ्याची मजा जाईल. अशा वेळी मी गप्प राहते, पण डोकं फिरतं. रात्री तराफा चालत नाही. संध्याकाळनंतर कुणाला साप चावला किंवा बाईला कळा सुरू झाल्या तर अंधारात लाँच काढायची, तापोळ्याला गाडी आहे का ते फोनवर बघायचं, आणि फोनला रेंज असेल तरच. तराफा चालवणाऱ्यांचं कसब मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिलं आणि त्याला माझा सलाम आहे. पण पूल हवाच, उद्या झाला तर आजच हवा. आबांनाही विचारलं, पूल झाल्यावर तुमचं काय? “म्या बी त्याच्यावनं जाईन की,” म्हणाले.

पल्याडचा काठ अल्याडपेक्षा वाईट निघाला. फळी टेकली ती मऊ गाळावर. आबांनी तराफा थोडा मागे घेतला आणि जरा बाजूला, खडकाळ जागेवर नाक लावलं. इंजिन चालूच ठेवलं, म्हणजे तराफा काठाला दाबून राहतो. आधी मोटारसायकली उतरल्या. मग उटी काढल्या आणि दादा एकदाचा आपल्या सीटवर बसला.

काठावर निम्मं गाव आलं होतं. मावशी पुढे, पदर खोचलेला. कुणी जाड दोर आणलेला, कुणी डहाळ्या तोडून आणलेल्या. टेम्पो फळीवरून उतरला, दहा-बारा हात चढला आणि बसला. चाकाखाली डहाळ्या आणि चपटे दगड टाकले, पुढच्या हुकाला दोर बांधला आणि बाप्ये-बाया दोन्ही ओळीत लागल्या. “गणपती बाप्पा...” झालं, “हर हर महादेव” झालं, गाडी हलेना. मावशी ओरडली, “देवाला नंतर बोलवा, आधी समद्यांनी एकदम वढा!” ओढली. टेम्पो चिखल उडवत वर गेला आणि मागे उभी असलेली मी नखशिखान्त काळी झाले. हसायला सगळं गाव होतंच.

तिथून गावापर्यंत कच्चा रस्ता, तो निभावला. शाळेशेजारच्या खोलीत चौथरा आधीच बांधून ठेवला होता, त्याच्यावर सांगाडा उभा केला आणि मोटार बसवली. वायरमनने जोडणी तपासली आणि व्होल्टेज बघून तोंड वाकडं केलं. कोयनेच्या काठावर व्होल्टेज कमी, यावर तिथे कुणी विनोदसुद्धा करत नाही. रात्री इतर वापर थांबल्यावर दाब सुधारला तेव्हा बटण दाबलं. नव्या दगडाची कच पिठात उतरते, म्हणून पहिलं दळण माणसाने खायचं नसतं. मावशीने कोंडा आणि किडकी ज्वारी ठेवलीच होती, ती दळून गुरांना घातली. मग एका बाईने नाचणी टाकली. पीठ हातावर घेऊन चिमटीत चोळलं आणि म्हणाली, “जाडं पडतंय. दगूड अजून खाली घ्या.” त्यावर दगड किती खाली घ्यायचा याचा वाद सुरू झाला आणि तो माझ्या झोपेपर्यंत मिटला नव्हता.

दादाचा शेवटचा तराफा अर्थातच गेला होता. तो मावशीच्या ओट्यावर झोपला. जेवायला तांदळाची भाकरी, सुकट आणि वर कैरीची चटणी. सकाळी चहा घेता घेता त्याने हळूच मुक्कामाचं भाडं काढलं.

मावशी म्हणाली, “तू ऱ्हायलास त्यो तराफ्यापायी. आबाकडं माग.”

“मावशी, माझी गाडी रातभर हितं अडकली की.”

“मग गाडी जेवली व्हय रातीला?”

बरीच हुज्जत झाली. शेवटी निम्मं मी दिलं आणि उरलेल्या निम्म्यात मावशीने त्याला एक फणस आणि घरच्या नाचणीचं पीठ बांधून दिलं. फणस त्याने घेतला. पीठ हातावर घेऊन बघितलं, चिमटीत चोळलं आणि म्हणाला, “मावशी, ह्ये जाडंच हाय की अजून.”